न दुखणारा डंख : अगत्तीला मुलीने उचललेल्या शंखाबद्दल

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते म्हणजे नंतर कुणी वाचलं तरी संदर्भ लागेल. तुम्ही लक्षद्वीपला अगत्तीला गेला होतात, ओहोटीच्या वेळी गुडघाभर पाण्यात फिरताना तुमच्या ९ वर्षांच्या मुलीने एक छान नक्षीचा शंख उचलला, दहाएक मिनिटं मुठीत धरून फिरली, मग होडीवाल्याचं लक्ष गेलं आणि त्याने ओरडून तो टाकायला लावला. म्हणाला हा सिगारेट स्नेल, डंख मारला की एक सिगारेट ओढून होईपर्यंत माणूस खलास. याला तीन आठवडे झाले, मुलगी ठणठणीत आहे पण तुमची झोप उडालीये, आणि पुढच्या महिन्यात अंदमानचं बुकिंग आहे. तुम्हाला विचारायचंय की खरंच एवढा विषारी असतो का, जाड बाजूने धरला तर चालतो का, ग्लोव्हजचा काही उपयोग होतो का, डंख झालाच तर काय करायचं, आणि मुलीला पाण्यात सोडायचं की नाही.

मी मूळची मालवणची. १८ वर्षं स्कूबा शिकवतेय, त्यातली ९ अंदमानात हॅवलॉकला (आता स्वराज द्वीप) गेली, मधे दोन सीझन लक्षद्वीपला होते. डायव्हिंगच्या जोडीने फर्स्ट एडचे कोर्स घेते. डॉक्टर नाहीये, त्यामुळे हॉस्पिटलात पुढे कुठली औषधं द्यायची यात मी पडणार नाही, पण डंख झाल्यापासून हॉस्पिटलच्या दारापर्यंत काय करायचं हे माझं रोजचं शिकवायचं काम आहे.

आधी मुलीचं. तिची काळजी आता पूर्ण सोडून द्या. या विषाची लक्षणं काही मिनिटांत सुरू होतात, उशीर झालाच तर काही तासांत, तीन आठवड्यांनी अचानक काही होत नसतं. आणि तिला रागावू नका एवढी विनंती. सुंदर शंख दिसला की हात पुढे होतोच, मोठ्या माणसांचाही होतो, मी दर सीझनला बघते.

आता, तुम्ही विचारलंय "हा विषारी आहे का", पण माझ्या मते तुमची खरी अडचण वेगळी आहे. पाण्यात उभं असताना कुठला शंख जीवघेणा ते ओळखता येईलच असं नाही, डंख झाला तर तो दुखेलच असं नाही, आणि जिथे हे शंख असतात तिथून मोठं हॉस्पिटल जवळ असेलच असं नाही. एकेक गोष्ट सुटी घेतली तर निभावता येते, तिन्ही एकत्र आल्या की माणूस दगावतो. म्हणून मी शंख ओळखायला शिकवण्यापेक्षा बाकीच्या दोन गोष्टींवर जास्त वेळ घालवते, इथेही तसंच करणार आहे.

होडीवाल्याला ज्याची शंका आली तो बहुतेक कोनस जिऑग्राफस, आम्ही डायव्हर लोक जिऑग्राफी कोन म्हणतो (कोन म्हणजे शंकूसारखा शंख असलेली समुद्री गोगलगाय), मराठीत त्याला रूढ नाव नाही. प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८ साली हे नाव दिलं, अंगावरची नक्षी नकाशासारखी दिसते म्हणून. पांढुरक्या-गुलाबी रंगावर तपकिरी जाळीदार डाग, वरच्या रुंद कडेला बारीक बारीक गाठी, आणि बाकीच्या कोनच्या मानाने शंख पातळ, हलका, तोंड बऱ्यापैकी रुंद. पूर्ण वाढलेला १० ते १५ सेंटीमीटर होतो. तुम्ही पाठवलेला शंखाचा फोटो हललेला आहे, आणि मुलीच्या मुठीत मावला म्हणजे एकतर तो पिल्लू असणार किंवा दुसरीच जात. टेक्स्टाइल कोन असू शकतो, त्याच्या अंगावर पांढऱ्या तंबूंसारखे त्रिकोण असतात, तोही धोकादायक आहे. किंवा नुसते समुद्री किडे खाणारा एखादा साधा कोनही असू शकतो, ज्याचा डंख बहुतेक वेळा मधमाशीसारखा. जगात कोनच्या नऊशेच्या वर जाती आहेत, त्यातल्या बहुसंख्य किडे खातात, काही दुसऱ्या गोगलगायी खातात आणि थोड्या मासे खातात. माणसाला मारणारा म्हणून जो कुप्रसिद्ध आहे तो हा जिऑग्राफी, मासे खाणाऱ्यांतला. एक अडचण अजून आहे, जिवंत शंखावर एक पातळ तपकिरी साल असते, त्यावर शेवाळ वाळू चिकटते, त्यामुळे पुस्तकातल्या धुतलेल्या चकचकीत फोटोसारखी नक्षी पाण्यात दिसतच नाही. म्हणून फोटोवरून "हा तो नव्हताच" असं मी तुम्हाला सांगणार नाही, आणि "तोच होता" असंही नाही.

हा प्राणी करतो काय ते नीट समजलं की बाकीचं आपोआप पटतं म्हणून जरा सविस्तर लिहिते. साध्या गोगलगायीच्या जिभेवर कानशीसारखे बारीक दात असतात, त्याने ती शेवाळ खरवडून खाते. कोनमध्ये त्याच दातांचा भाला झालाय. एकेक दात सुटा, आतून पोकळ, टोकाला आकडे, आणि कोलंबीचं कवच ज्याचं असतं त्याच कायटिनचा बनलेला. असे दात एका पिशवीत, भात्यात बाण ठेवावेत तसे तयार असतात. शिकार जवळ आली की एक दात सोंडेच्या टोकाशी येतो, मागच्या स्नायूंच्या पिशवीने दाब दिला की विष त्या पोकळ दातातून आत जातं. काम झालं की तो दात गेला, पुढच्या वेळी नवीन. कॅट कोन म्हणून एक छोटी जात आहे तिचा वार मोजलाय, एक मिलिसेकंदसुद्धा लागत नाही. म्हणजे सोंड दिसली की हात मागे घेऊ असं कुणी म्हणत असेल तर ते शक्य नाही.

जिऑग्राफीची शिकारीची पद्धत आणखी वेगळी. तो रात्री निघतो, खडकाच्या फटीत लहान मासे झोपलेले असतात तिथे जातो आणि तोंड पसरायला लागतो, आमच्याकडे पाग (हाताने फेकायचं गोल जाळं) टाकतात ना, तसं ते पातळ तोंड पसरत जातं आणि दोन-चार मासे अलगद आत येतात. मासे पळत का नाहीत हे बरीच वर्षं कोडं होतं. २०१५ साली कळलं की तो पाण्यात इन्सुलिन सोडतो, आणि ते माशांच्या इन्सुलिनसारखं बनवलेलं असतं, स्वतःच्या नाही. माशांची साखर उतरते, ते सुस्त होतात. आपल्या इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्लं असतात, याच्यात फक्त ४३, म्हणून ते झटकन काम करतं आणि त्यावरून मधुमेहासाठी लवकर काम करणारं इन्सुलिन बनवता येईल का यावर संशोधन चालू आहे. मासे आत आल्यावर मग तो सावकाश एकेकाला डंख मारतो.

आणि आता तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. २०१४ मध्ये याच जिऑग्राफीवर झालेल्या अभ्यासात दिसलं की त्याच्याकडे दोन वेगळी विषं आहेत. विषाची लांब नळी असते, तिच्या एका टोकाकडे शिकारीचं विष आणि दुसऱ्या टोकाकडे बचावाचं, आणि प्रसंग बघून तो त्यातलं एक वापरतो. बचावाच्या विषात स्नायू लुळे पाडणारे घटक ठासून भरलेले. म्हणजे पाण्याखाली तो आपल्या वाटेने जात असताना तुम्ही बाजूला उभे असलात तर त्याला तुमच्याशी काही देणंघेणं नाही, तो माणसाच्या मागे येत नाही. पण उचलला, मुठीत दाबला, घासला, खिशात टाकला की त्याच्या लेखी कुणीतरी आपल्याला खायला आलंय, आणि मग जे बाहेर येतं ते नेमकं बचावाचं विष. आजवरच्या नोंदी वाचल्या तर बहुतेक सगळ्या डंखांत शंख माणसाच्या हातात किंवा अंगावर होता.

यातच तुमच्या जाड बाजूच्या प्रश्नाचं उत्तर आलं. सोंड अरुंद टोकाकडून बाहेर येते हे बरोबर आहे, आणि म्हणूनच "रुंद बाजूने धरा" हा सल्ला अजून ऐकू येतो, मलाही सुरुवातीला एका सीनियरने असंच सांगितलं होतं. पण ती सोंड ताणली जाते, लवचिक असते, शंखाला वळसा घालून मागच्या टोकापर्यंत पोचू शकते. म्हणून कुठल्याच बाजूने नाही. ग्लोव्हजचं पण तेच, आपण डायव्हिंगला वापरतो ते पातळ ग्लोव्हज, कपडा, वेटसूट यातून दात आरपार जाऊ शकतो. ग्लोव्हज घातल्याने उलट माणूस बिनधास्त हात घालतो, म्हणून माझ्याबरोबर येणाऱ्यांना मी ग्लोव्हज घालूच देत नाही, हाताला काही लागेल ही जाणीव राहिली पाहिजे.

एक प्रसंग सांगते. हॅवलॉकला असताना सकाळच्या डाइव्हनंतर होडीवर सामान काढत होतो, एका गेस्टने शॉर्ट्सच्या खिशातून काहीतरी काढून बाकावर ठेवलं आणि म्हणाला मॅडम हे बघा काय मिळालं. टेक्स्टाइल कोन होता, चांगला आठेक सेंटीमीटरचा, आणि बाकावर ठेवल्यावर मिनिटभरात अरुंद टोकातून काळी-पांढरी-लाल टोकाची नळी हळूच बाहेर आली आणि इकडे तिकडे वळायला लागली, वास घेतल्यासारखी. ती सोंड नव्हे, ती पाणी हुंगायची नळी, पण ती बाहेर आली म्हणजे आतला जागा आहे आणि आजूबाजूचा अंदाज घेतोय. तो चाळीस मिनिटं त्या माणसाच्या मांडीला चिकटून होता. मी माझ्या फिनच्या पात्यावर तो ढकलून घेतला, पाण्यात सोडला, आणि त्या माणसाला दोन तास होडीवर समोर बसवून ठेवलं, दर पाच मिनिटांनी बोलायला लावत होते. काही झालं नाही. पण त्याला मांडीवर काही टोचलं का विचारलं तर म्हणाला, लक्षात नाही. हे "लक्षात नाही" मला आजही आठवतं कारण सगळा धोका त्यातच आहे.

सगळ्यात जुनी नोंद बघा. रुम्फियस नावाचा निसर्गअभ्यासक डच कंपनीच्या नोकरीत इंडोनेशियातल्या अंबोन बेटावर राहत होता, त्याचं शंख-शिंपल्यांवरचं पुस्तक तो गेल्यावर १७०५ साली छापलं. त्यात बांदा बेटावरच्या एका गुलाम बाईची हकीकत आहे. किनाऱ्यावर जाळं ओढणं चाललेलं, आपली रापण असते तसंच, त्यात तिला हा शंख मिळाला, तो नुसता हातात धरून ती किनाऱ्याकडे चालत आली. हाताला किंचित खाज सुटल्यासारखं वाटलं, ती खाज दंडापर्यंत चढली, मग अंगभर, आणि बाई गेली. नोंद एवढीच आहे, पण त्यात दुखल्याचा उल्लेख नाही, खाज आहे.

दुसरी १९३५ ची, ऑस्ट्रेलियाच्या हेमन बेटावरची. २७ वर्षांचा धडधाकट तरुण, शंख तळहातावर धरून सुरीने वरची साल खरवडत होता. डंख झाला तेव्हा थोडंसं बधिर वाटलं, दुखलं नाही. दहा मिनिटांत ओठ ताठरले, वीस मिनिटांत दिसायला धूसर झालं, अर्ध्या तासात पाय गेले, तासाभरात बेशुद्ध. पाचेक तासांत मृत्यू. जगभरात प्रकाशित झालेल्या सगळ्या नोंदी धरल्या तर गेल्या तीन-साडेतीन शतकांत तिसेक मृत्यू आहेत, बहुतेक सगळे याच जातीमुळे. म्हणजे आकडा म्हणून हा धोका फार लहान आहे, अंदमानला जाताना तुम्हाला त्यापेक्षा भरतीच्या ओढीची आणि उन्हाची काळजी जास्त करायला हवी. पण सिगारेटची गोष्ट मला दोन कारणांनी आवडत नाही. एक तर ती अतिशयोक्ती आहे, इतक्या झटपट सहसा होत नाही. आणि दुसरं म्हणजे लोक उलटा अर्थ काढतात, दहा मिनिटं झाली काही झालं नाही म्हणजे सुटलो. तसं नाही, वेळ आहे, आणि तो वेळ वापरायचा असतो.

माझ्याच टीममधल्या एका पोराला लहान कोनने बोटाला डंख मारला होता, किडे खाणारी जात, तो आरडाओरडा करत आला, बोट सुजलं, संध्याकाळपर्यंत उतरलं. तेव्हा मी नव्या पोरांना तेच समजावलं होतं की जो ओरडतोय त्याच्यापेक्षा जो "काही नाही, थोडं झिणझिण्या आल्यासारखं वाटतंय" म्हणून गप्प बसलाय त्याच्याकडे आधी धावा. झिणझिण्या, ओठ जड होणं, दोन-दोन दिसणं, पापण्या मिटायला लागणं, बोलताना जीभ अडखळणं, गिळता न येणं, हे क्रमाने येईलच असं नाही पण यातलं एक जरी दिसलं तरी इमर्जन्सी समजायची.

आता करायचं काय. या विषावर उतारा नाही, म्हणजे सापाच्या विषावर असतं तसं अँटीव्हेनम नाही. तरी घाबरू नका, कारण विष मुख्यतः स्नायू लुळे करतं आणि माणूस जातो तो श्वासाचे स्नायू बंद पडल्यामुळे. शरीर ते विष हळूहळू निकामी करतं, तोपर्यंत त्याच्या छातीत हवा जात राहिली पाहिजे. सगळे उपचार या एका गोष्टीभोवती आहेत, हॉस्पिटलात व्हेंटिलेटर लावतात तो पण याचसाठी.

डंखाची नुसती शंका आली तरी त्या माणसाला पाण्याबाहेर काढा आणि आडवा करा, चालायला लावू नका, चाललं की स्नायूंच्या हालचालीने विष पसरतं. मग क्रेप बँडेज. ऑस्ट्रेलियात साप आणि कोन दोघांसाठी हीच पद्धत शिकवतात. रुंद बँडेज आधी डंखाच्या जागेवर, मग दुसरं बोटांपासून सुरू करून वर खांद्यापर्यंत किंवा पाय असेल तर जांघेपर्यंत, मुरगळलेल्या घोट्याला बांधतो तेवढं घट्ट, बँडेजखाली बोट सहज सरकलं नाही पाहिजे, पण रक्त थांबेल असं आवळायचं नाही, बोटांची टोकं उघडी ठेवा म्हणजे रंग बघता येतो. वर एखादी फळी, वल्हं, गुंडाळलेलं मासिक, जे मिळेल ते लावून हात-पाय हलणार नाही असं करा. हे बँडेज हॉस्पिटलात पोचेपर्यंत सोडायचं नाही. बँडेज नसेल तर ओढणी, टॉवेल फाडून पट्ट्या, काहीही चालेल.

एकाने बँडेज बांधत असताना दुसऱ्याने ११२ ला फोन करायचा किंवा होडी, रिसॉर्ट, कोस्ट गार्ड जे जवळ असेल त्यांना कळवायचं, आणि "शंख चावला" असं नुसतं सांगू नका, समोरच्याला ते गंभीर वाटत नाही. असं सांगा की विषारी डंख आहे, श्वास बंद पडू शकतो, व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी न्यायचंय. शक्य असेल तर शंखाचा फोटो काढा, पण शंख उचलून न्यायच्या फंदात पडू नका.

श्वास मंद पडला, ओठ निळसर दिसले, तर तोंडाने श्वास द्यायला लागा. हाक मारून प्रतिसाद नाही आणि श्वास नाही तर सरळ सीपीआर, छाती दाबणं आणि श्वास दोन्ही, कारण इथे मूळ अडचणच हवेची आहे. आणि मदत येईपर्यंत थांबू नका, तासभर लागला तरी. आणखी एक, लुळा पडलेला माणूस डोळे उघडू शकत नसला तरी त्याला ऐकू येत असू शकतं, त्यामुळे त्याच्या उशाशी "आता काही खरं नाही" वगैरे बोलायचं नाही, त्याच्याशी बोलत राहायचं. मी कोर्समध्ये हे प्रत्येकाला करायला लावते, एकाला आडवं पाडून डोळे मिटायला सांगते आणि बाकीच्यांनी त्याचं नाव घेऊन बोलत बोलत बँडेज बांधायचं.

ब्लेडने कापायचं नाही, तोंडाने चोखायचं नाही, दोरीने आवळायचं नाही. गरम पाण्याबद्दल गोंधळ असतो, लायनफिश, स्टोनफिश, पाकटाचा काटा यांना गरम पाणी उपयोगी पडतं हे खरं, कारण तिथे वेदना हा मोठा भाग असतो. इथे गरम पाण्याची बादली शोधण्यात बँडेजची वेळ घालवू नका. एवढं डोक्यात ठेवा: आडवा करा, बांधा, कळवा, श्वासावर नजर ठेवा. बाकीचं विसरलात तरी चालेल.

कितपत धोका हे कशावर अवलंबून असतं तर जात कुठली, शंख किती मोठा, दात लागला पण विष गेलं की नाही (कधी कधी जात नाही), माणसाचं वजन किती, म्हणजे लहान मुलाला तेवढंच विष जास्त भारी पडतं, आणि तुम्ही जागेवरून किती लांब आहात. यातली फक्त शेवटची गोष्ट आधी ठरवता येते, म्हणून अंदमानला गेलात की पहिल्या दिवशी विचारून ठेवा सर्वात जवळचं हॉस्पिटल कुठलं आणि तिथून मोठ्या हॉस्पिटलला कसं नेतात. हॅवलॉकवरून पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम) जायला समुद्र ओलांडावा लागतो हे लक्षात घ्या. बॅगेत रुंद क्रेप बँडेजचे तीन-चार रोल टाका, मेडिकलमध्ये कुठेही मिळतात, आणि जायच्या आधी एका रविवारी घरी एकमेकांच्या हाताला बांधून बघा.

मुलीला पाण्यात सोडा, नक्की सोडा. पायात जाड तळव्याचे शूज द्या, वाळूत पाय रोवून चालू नको म्हणून सांगा, दगड-कोरलच्या खाली हात घालायचा नाही, आणि शंख कितीही आवडला तरी बोटाने दाखवायचा, उचलायचा नाही. "रिकामा आहे का बघते" हे सुद्धा नाही, कारण कोन आत आकसून बसला की रिकामाच वाटतो. माझी आजी ओहोटीला कालवं काढायला जायची, आम्ही पोरं मागे, एखादा शंख उचलला की तिचं एकच वाक्य, "जितो आसा तो, ठेव खाली." तिला कोनचं विष माहीत असायचं काही कारण नव्हतं, कोकणात कोनच्या काही जाती मिळतात पण तिच्या मनात ते नव्हतंच, जिवंत आहे म्हणून ठेव एवढंच. मी मुलांना अजून तेच सांगते, कारण विषाची भीती घातली की मूल सगळ्याच समुद्राला घाबरतं, आणि जिवंत आहे म्हटलं की वाकून बघायला लागतं.

तुम्ही शेवटी थोडं चिडून लिहिलंय की पर्यटक जातात तिथून असले शंख काढून का टाकत नाहीत. तुमचा जीव घाबरलाय ते कळतं मला, पण याच्यावर मला थोडं बोलायचंय. फिलिपिन्समध्ये बाल्डोमेरो ऑलिव्हेरा आणि लूर्देस क्रूझ यांनी कोनच्या विषावर काम सुरू केलं, तेही याच जिऑग्राफीपासून, तो माणसं मारतो म्हणून. विषातले घटक वेगळे करत गेले तर प्रत्येकाचं काम निराळं. एक घटक उंदराच्या पिल्लाला दिला तर ते झोपून जायचं, त्याला त्यांनी कोनान्टोकिन नाव दिलं, फिलिपिनो भाषेत झोपाळूला अँटोकिन म्हणतात त्यावरून. पुढे ऑलिव्हेरांच्या अमेरिकेतल्या युटाच्या लॅबमध्ये मायकेल मॅकिन्टॉश या तरुण विद्यार्थ्याने मॅजिशियन कोन, म्हणजे कोनस मॅगस, याच्या विषातून एक घटक वेगळा काढला, २५ अमिनो आम्लांचा. त्याचंच झिकोनोटाइड हे औषध झालं, डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. कॅन्सरसारख्या आजारात ज्यांच्या वेदनांना मॉर्फिननेही उतार पडत नाही त्यांना पाठीच्या कण्यातल्या द्रवात पंपाने हे देतात, आणि ते अफूच्या कुळातलं नसल्याने त्याची अफूसारखी सवय लागत नाही. आपल्याकडेही मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतले के. एस. कृष्णन आणि बंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेतले पी. बलराम यांनी आपल्या किनाऱ्यावरच्या कोनस अमाडिस वगैरे जातींच्या विषावर वर्षानुवर्षं काम केलं. एकेका जातीच्या विषात शेकडो वेगवेगळे घटक, आणि त्यातले मोजकेच आजवर नीट तपासून झालेत. ते काढून टाकायचे म्हणजे न वाचलेलं पुस्तक जाळण्यासारखं होईल.

घरी शोकेसमध्ये आधीपासून असलेल्या शंखाचं विचारलंत, तो रिकामा, वाळलेला आहे तर त्यात काही धोका नाही, खुशाल हातात घ्या. मात्र अंदमानातून किनाऱ्यावरचं कोरल आणि शंख उचलून आणू नका, विमानतळावर बॅगा तपासतात, आणि कोरलला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. कोनमधलाही एक, कोनस मिल्नेएडवर्डसी, ज्याला ग्लोरी ऑफ इंडिया म्हणतात, २००१ पासून या कायद्याच्या यादीत आहे.

आणि मुलीला तो शंख परत बघायचा असेल, मला वाटतं असेलच, तर पहाटेची ओहोटी बघून कुणा जाणकार गाइडबरोबर तिला न्या. उथळ पाण्यात सपाट वाळूवर बोटभर रुंदीची चर वळत वळत गेलेली दिसते, रात्रभर कुणीतरी सरकत गेल्याची. त्या चरीच्या मागे नजरेनेच जायचं. ती संपते तिथे वाळूचा छोटा उंचवटा असतो, आणि थांबून वाट बघितली तर कधी कधी त्यातून ती नळी वर येते, पाणी हुंगते आणि परत आत जाते.